शनिवारी दुपारी गाडीखाली

वार्षिक तपासणी जवळ आली की पंधरा दिवस आधी गेरू आणि चुना निघतो. झाडांचे बुंधे, रस्त्याकडेचे दगड, आगीच्या बादल्या, सगळे रंगून निघते. गाड्या धुतल्या जातात, टायरना काळे पॉलिश लागते, नंबरप्लेटवरचे आकडे नव्याने रंगवले जातात. यात मला काही वावगे वाटत नाही. नीटनेटकेपणा ही फौजी सवय आहे आणि ती चांगली आहे. माझी तक्रार दुसरीच आहे. टायरला पॉलिश लावणारा हात त्याच टायरच्या मागे, दोन वितींवर असलेल्या रबराच्या एका लहानशा नळीपर्यंत कधीच पोहोचत नाही. त्या नळीला बुश म्हणतात. तपासणीला आलेले साहेब वाकून तिथे पाहत नाहीत, म्हणून गाडी पुसणाराही पाहत नाही. आणि गाडी मात्र कालक्याच्या पुढे डोंगरात शिरली की त्याच नळीच्या भरवशावर वळण घेते.

या पानावर मी एक सूचना मांडणार आहे. अकरावीच्या प्रत्येक कॅडेटने वर्षातून एकदा, उस्तादांच्या देखरेखीखाली, एखाद्या जुन्या गाडीच्या मागच्या पाट्यांचे बुश स्वतःच्या हाताने बदलावेत. चित्र बघून नव्हे, दुसरा करताना उभे राहून नव्हे. स्वतः आडवे होऊन. सूचना ऐकल्यावर जे आक्षेप येतात ते मला ठाऊक आहेत आणि त्यांना उत्तर देणारच आहे, पण आधी काम काय आहे ते सांगतो. काम न कळता त्यावर मत देणारे लोक आपल्याकडे पुरेसे आहेत.

उदाहरण म्हणून जिप्सी घेऊ. चंडीगड-चंडीमंदिर भागात वाढलेल्या मुलाला जिप्सी दाखवावी लागत नाही. मारुतीने ती १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आणली आणि २०१९ पर्यंत साध्या ग्राहकाला विकली. मधल्या काळात इंजिन बदलले, १९९६ मध्ये किंग आली, पण खालची बांधणी मूळचीच राहिली: लांब शिडीसारखी चासी, आणि पुढे-मागे दोन्हीकडे पाट्यांची स्प्रिंग. आमच्याकडे साताऱ्या-सांगलीकडे मिस्त्री 'पाटे' म्हणतात, इथले पंजाबी मिस्त्री 'कमानी' म्हणतात. वस्तू एकच. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, मधोमध यू-बोल्टने अॅक्सलला आवळलेल्या. सगळ्यात वरच्या पट्टीची दोन्ही टोके गोल वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा बोल्टने थेट चासीला जोडलेला, मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला. पाटा दबला की लांब होतो, उठला की आखूड होतो. ती लांबी-आखूडपणा शॅकल झुलून सामावून घेते.

आता या डोळ्यात बोल्ट नुसता घातला तर लोखंडावर लोखंड घासेल. म्हणून मध्ये रबर. हेच बुश. कुठे ते एकसंध असते, आत-बाहेर लोखंडी नळी आणि मध्ये चिकटवलेले रबर. कुठे दोन अर्ध्या टोप्यांसारखे, दोन्ही बाजूंनी बसवायचे. बोटभर जाडीची वस्तू. पण पाट्यावर दोन जबाबदाऱ्या आहेत हे विसरू नका. तो गाडीचे वजन तर पेलतोच, शिवाय मागचा अॅक्सल जागेवर धरून ठेवणारी दुसरी कुठलीही दांडी या बांधणीत नाही. म्हणजे चासी आणि मागची चाके यांच्यातले नाते शेवटी त्या रबरावर येते.

रबर खंगले की काय होते, ते चंडीगडमध्ये शिकायला फार सोपे आहे. या शहरात गोल चौकांना तोटा नाही. मध्य मार्गावरून मटका चौकात शिरा: गाडी आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग बाहेर पडताना पुन्हा डावीकडे वळते. दहा सेकंदांत तीनदा वजन इकडून तिकडे. बुश धड असतील तर गाडी एका अंगाने फिरते. गेलेले असतील तर पुढची चाके वळतात आणि मागचा भाग क्षणभर उशिरा, कंबर हलवल्यासारखा मागून येतो. स्टेअरिंग हलवले नसताना गाडी थोडी वळल्यासारखी वाटते, कारण एका बाजूचा अॅक्सल बोटभर पुढे-मागे सरकून तिरका झालेला असतो. सेक्टरच्या आतल्या स्पीडब्रेकरवर 'खट्' असा कोरडा आवाज येतो. मागचे टायर एका कडेने झिजतात. ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, आणि ब्रेकचे लायनर बदलूनही ओढतच राहते.

सपाट शहरात हे सगळे सहन होते. परवाणूवरून धरमपूर-सोलनकडे चढताना आणि विशेषतः तिकडून उतरताना होत नाही. उतारावर ब्रेक, वळण आणि बाहेरच्या बाजूला पडणारे वजन हे तिन्ही एकदम येतात, आणि ओघानेच बाहेरची बाजू म्हणजे बऱ्याचदा दरीची बाजू. शाळेची गाडी मुले घेऊन याच रस्त्याने जाते. म्हणून हा विषय मला हौसेचा वाटत नाही.

बुश ओळखायला यंत्र लागत नाही. गाडी सपाटीवर उभी करा, बॅटरी घेऊन वाका. डोळ्याच्या मधोमध बोल्ट आहे का, की एका बाजूला बसला आहे? रबर कडेने फुगून बाहेर आले आहे का, त्याला भेगा आहेत का? डोळ्याच्या कडेला लोखंड चकाकते आहे का? चकाकणारे लोखंड म्हणजे घासणारे लोखंड. तांबूस भुकटी दिसली तर रबर संपून बरेच दिवस झाले आहेत. मग एक लांब पहार शॅकल आणि चासीच्या मध्ये घालून हलके उचकटून बघा. धड रबर थोडे दबते आणि परत येते; गेलेले नुसते लडबडते.

एवढे सोपे असून ते सुटते का? कारण आवाजाचा दोष नेहमी शॉकअपवर जातो. इथल्याच एका निवृत्त शेजाऱ्यांच्या गाडीचे उदाहरण आहे. गॅरेजने आधी मागचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. मग एका बाजूचा पाटा बदलला. आवाज निम्मा झाला, कारण नव्या पाट्याबरोबर त्या बाजूचे बुश नवे आले! तेव्हासुद्धा कोणाच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या फेरीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पहार घालून पाहिले आणि हसला. शॉकअपच्या जोडीची किंमत आणि बुशच्या संचाची किंमत यांत किती फरक आहे हे मणिमाजऱ्याच्या मोटार मार्केटमध्ये कोणत्याही दुकानदाराला विचारा. लबाडी असेलच असे नाही. महाग वस्तू मोठी दिसते आणि स्वस्त वस्तू लहान, म्हणून दोष मोठ्या वस्तूकडे जातो.

रबर म्हातारे होते हे कॅडेटांना वेगळे सांगायला नको, त्यांच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात घन पदार्थांच्या यांत्रिक गुणधर्मांच्या प्रकरणात रबर आहेच. तिथे महाधमनीच्या ऊतीचा आलेखही दिलेला आहे, ताण किती आणि लांबण किती याचा, आणि तो पोलादासारखा सरळ जात नाही. मुले तो आलेख परीक्षेपुरता पाठ करतात. पोलाद रबरापेक्षा अधिक स्थितिस्थापक का, हा प्रश्न दरवर्षी कुठे ना कुठे येतो आणि उत्तर घोकलेले असते. तेच मूल दहा वर्षे उन्हात भाजलेला बुश आणि नवा बुश दोन बोटांत धरून दाबेल तेव्हा त्याला आलेखातला वाक हाताला लागेल. चंडीगडचा मे-जूनचा पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि जानेवारीत धुक्याच्या सकाळी दोन-तीन अंशांवर येतो. रबराला दोन्ही सोसावे लागते. त्यात हवेतला ओझोन, आणि गळक्या डिफरन्शियलचे तेल. तेल लागले की साधे रबर फुगते आणि मऊ पडते. एका बुशमध्ये रसायनशास्त्राचा एक तासही बसतो.

आता बदलण्याचे काम. सविस्तर लिहितो, कारण शाळेत हे सुरू करायचे तर उस्तादांना आणि पालकांना दोघांनाही ते डोळ्यांपुढे आणता आले पाहिजे.

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवायचे, पण जपून, फक्त आट्यांवर. दुसऱ्या दिवशी गाडी पक्क्या, सपाट जागी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. चाकाचे नट आणि बुशचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यायचे. उचललेल्या गाडीवर जोर लावायचा नाही. मग जॅकने उचलून चासीखाली दोन घोड्या लावायच्या. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. घोडी लागल्याशिवाय आणि गाडी हाताने हलवून पाहिल्याशिवाय कोणीही, उस्तादसुद्धा, बोटभर आत जायचे नाही. काढलेले चाक चासीखाली आडवे सरकवून ठेवायचे. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

त्यानंतर दुसरा जॅक अॅक्सलखाली, पाट्यावरचा ताण उतरेल इतकाच. शॉकअपचा खालचा बोल्ट, यू-बोल्ट, शॅकल, आणि शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट, या क्रमाने काढले की पाटा हातात येतो. एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जोडलेली राहिली तर अॅक्सल जागा सोडत नाही, आणि कोणता तुकडा कुठे होता याची शंका आली तर पलीकडे जाऊन पाहता येते.

जुना एकसंध बुश डोळ्यातून काढणे हा सगळ्यात घाम काढणारा भाग. बाजारात बरेच जण गॅसच्या ज्योतीने रबर जाळून टाकतात. काम झटकन होते, पण तो धूर छातीत जातो आणि पाट्याच्या पोलादाचे पाणी उतरण्याची भीती असते. शाळेत ते नको. प्रेस असेल तर उत्तम. नसेल तर एक लांब आट्यांचा बोल्ट, एका टोकाला बुशच्या बाहेरच्या मापाची नळी, दुसऱ्या टोकाला बुशपेक्षा जरा लहान ठोकळी. नट आवळत गेले की बुश एकीकडून सरकून दुसरीकडे निघतो. हातोड्याचा एक घाव लागत नाही. स्क्रूचा यांत्रिक फायदा म्हणजे काय हे मी वर्गात शिकवायचे ठरवले तर याहून चांगले साधन मला मिळणार नाही.

एक गोष्ट कोकण-मुंबईच्या पालकांसाठी. बदलीबरोबर तिकडून इकडे आलेल्या गाड्यांत आतली लोखंडी नळी बोल्टला गंजून एकजीव झालेली असते. खाऱ्या हवेचा प्रसाद. चंडीगडच्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी एका दुपारी सुटते, तीच मुंबईची असेल तर बोल्ट कापावा लागण्याची तयारी ठेवा आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवा.

नवा बुश घालताना ग्रीस लावायचा मोह होतो. लावू नये. साबणाचे पाणी लावावे. ते घसरण्यापुरते काम करते आणि वाळून जाते. ग्रीस रबर खाते. बाजारात पॉलियुरेथेनचेही बुश मिळतात, ते कडक असतात, त्यांना त्यांचे खास ग्रीस लागते, शर्यतीच्या हौशी लोकांना ते आवडतात. रोज खड्ड्यांतून आणि डोंगरातून जाणाऱ्या गाडीला माझे मत रबरालाच आहे, कारण खड्ड्याचा हादरा ते चासीपर्यंत कमी पोहोचवते. ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेले रबरही काही ठिकाणी घालतात. वाटेत अडकला असाल तर घरी पोहोचण्यापुरते ठीक.

आणि आता ती पायरी, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. सगळे जोडून झाले, गाडी अजून घोडीवर आहे, पाटे लोंबकळत आहेत. हात स्वाभाविकपणे पान्याकडे जातो: आवळून टाकू आणि मोकळे होऊ. इथेच थांबायचे. रबराचा बुश फिरत नाही, तो पिळतो. आतली नळी बोल्टने एका जागी घट्ट धरलेली, बाहेरची नळी डोळ्यात घट्ट, आणि पाटा वर-खाली होताना मधले रबर पिळ खाते व परत येते. लोंबकळत्या अवस्थेत नट आवळला तर रबराची आरामाची जागा ती ठरते. मग गाडी खाली घेतली की ते कायमचे पिळलेले राहते. उभ्या गाडीतसुद्धा त्याला विसावा नाही. असा नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष दुकानदाराच्या मालावर जातो. म्हणून नट आधी नुसते हाताने भिडवायचे. चाके लावायची, घोड्या काढायच्या, गाडी जमिनीवर उतरवायची, दोन-चार मीटर पुढे-मागे ढकलायची, मागच्या कोपऱ्यांवर जोर देऊन दोनदा दाबायची, म्हणजे पाटा आपल्या जागी बसतो. आणि मग, गाडीचे वजन चाकांवर असताना, तिच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळायचे.

खाली वाकून, अवघडून, कमी जागेत आवळावे लागते. म्हणूनच घाईत ही पायरी टाळली जाते. ती टाळली हे त्या दिवशी कोणालाही कळत नाही. गाडी छान चालते, मालक खूष, गॅरेज खूष. आणि मी म्हणतो की सतरा वर्षांच्या मुलाला नेमकी अशीच एक गोष्ट करायला लावावी, जी चुकवली तरी त्या दिवशी पकडली जाणार नाही. परेडच्या मैदानावर पाऊल चुकले तर लगेच दिसते. पुस्तकातले उत्तर चुकले तर लाल शाई येते. इथे तसे काही नाही.

आता आक्षेप. पालक सभेत ही कल्पना मी बोलून दाखवली तेव्हा एका आईंनी स्पष्टच विचारले, "आम्ही मुलाला ऑफिसर करायला पाठवलंय, मिस्त्री करायला नाही." त्यांचा राग मला समजतो. त्यांच्या घरात कोणीतरी हात काळे करूनच त्या मुलाला इथवर पोहोचवले असेल, आणि आता तो त्यातून सुटावा असे वाटणे साहजिक आहे. पण त्यांना मी जे सांगितले तेच इथे सांगतो. हा मुलगा उद्या लेफ्टनंट होईल. त्याच्या ताब्यात गाड्या असतील, चालक असतील. पहाटे एखादा चालक येऊन म्हणेल, "साहब, पीछे से आवाज आ रही है." त्या वेळी गाडी पाठवायची की थांबवायची हे त्याला ठरवायचे आहे. ज्याने आयुष्यात एकदा गेलेला बुश हातात धरला आहे तो वाकून पाहील. ज्याने धरला नाही तो एकतर घाबरून सगळ्याच गाड्या थांबवेल, नाहीतर कागदावर सही करेल. चालकालाही पहिल्या आठवड्यातच कळते की आपले साहेब कोणत्या प्रकारचे आहेत, आणि पुढे काय सांगायचे आणि काय नाही ते तो त्याप्रमाणे ठरवतो.

फौजेने हे शहाणपण पद्धतीत बसवलेले आहे. गाडी निघण्यापूर्वी फर्स्ट परेड, वाटेतल्या थांब्यावर हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड: तिन्ही वेळा चालकाने गाडी तपासायची. युनिटबरोबर एलएडीचे कारागीर असतात, त्यांच्या मागे ईएमईच्या कार्यशाळा. आपल्या महाराष्ट्रात खडकीला अशी मोठी कार्यशाळा आहे आणि अहिल्यानगरला लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था. ईएमईचे ब्रीद 'कर्म ही धर्म' आहे. त्या दलातही अधिकारी असतात, हे त्या आईंना मी सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

जुन्या काळी हे काम रोजचेच होते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या शॅकलमध्ये रबर नव्हते, आट्यांचे लोखंडी बुश होते आणि त्यांना ग्रीसगनने वारंवार ग्रीस द्यावे लागे. त्याहीआधी आमच्या गावाकडे बैलगाडीच्या खाली वंगणाची नळी टांगलेली असायची आणि बाजाराला निघण्याआधी आसाला वंगण दिल्याशिवाय गाडीवान बैल जुंपत नसे. रबराने ही कटकट संपवली. त्याचबरोबर वाकून पाहण्याची सवयही संपवली. ग्रीसची वेळ आली की माणूस गाडीखाली जायचाच, आणि गेला की बाकीचेही दिसायचे. रबर काही मागत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी जात नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. मुलाला गाडीखाली घालणे म्हणजे जोखीम, हे खरेच. पण आपली मुले दोरावर चढतात, फायरिंग रेंजवर जातात, पोहण्याच्या तलावात उडी मारतात. तिथे आपण जोखीम नाही म्हणून परवानगी देत नाही. नियम काटेकोर आहेत म्हणून देतो. रेंजवर जसा एक माणूस फक्त लाल झेंडा आणि शिस्त सांभाळतो, तसा इथे एक उस्ताद फक्त घोड्या आणि जॅक यांकडे पाहील, पान्याला हात लावणार नाही. आणि एका गाडीला सहाच मुले. तिसाव्या मुलापर्यंत पाळी आणायची तर पाच शनिवार लागतील, लागू देत.

वेळेचा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. एनडीएची परीक्षा, बारावी, सगळे मान्य. एक शनिवार दुपार निघते. क्रिकेटच्या सामन्यासाठी निघते.

"जुन्या गाड्यांचे दिवस संपले, नवीन घ्या" असेही एक मत आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची; पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात न्यायालयाच्या आदेशांनी जुन्या गाड्यांवर निर्बंध आले. चंडीगड त्या क्षेत्रात नसले तरी दिल्लीच्या वाटेवरचे कर्नाल आणि पानिपत त्यात आहेत. म्हणजे जुनी गाडी बाळगणे महाग आणि अडचणीचे होत चालले आहे. धुराच्या बाबतीत सरकारची बाजू मला पटते. पण ज्या कुटुंबाची गाडी सोळा वर्षांची आहे ते कुटुंब हौस म्हणून ती चालवत नाही. त्यांच्यासाठी प्रश्न नवी की जुनी असा नसतोच; धड की मोडकी एवढाच असतो. शिवाय नव्या गाडीतही बुश आहेतच. पाटे जाऊन स्प्रिंगा आल्या, मागे ट्रेलिंग आर्म आले, पण त्या आर्मच्या टोकाला पुन्हा तेच रबर आणि तोच नियम: वजन चाकांवर असतानाच आवळा.

पानिपतचे नाव निघालेच आहे. दिल्लीला जाताना गाडीत मराठी मुले असली की त्या गावाच्या आसपास कोणीतरी १४ जानेवारी १७६१ चा विषय काढतोच. मग भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखानाच्या तोफा. मी त्यांना कर्नालजवळच्या कुंजपुऱ्याबद्दल विचारतो, जिथे १९६१ पासून सैनिक शाळा आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला तेव्हा तिथला धान्याचा साठा हाती आला. मग अब्दालीने यमुना ओलांडली, दिल्लीकडची वाट तुटली, आणि हिवाळाभर छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी राहिली. लढाईच्या दिवशी घोडे कसे होते, हे कोणत्याही पोवाड्याच्या सुरुवातीला येत नाही. मुलांना हे सांगितले की ती जरा वेळ गप्प होतात, आणि मग पुन्हा तोफांकडे वळतात. वळू देत, वयच ते आहे.

माझी सूचना मान्य झाली तर पहिल्या वर्षी नवी काही खरेदी लागणार नाही. शाळेच्या आवारात पडून असलेली, रस्त्यावर न जाणारी एखादी जुनी गाडी सुरुवातीला सर्वांत बरी, म्हणजे मुलांनी केलेले काम उस्तादांनी तपासून पक्के केल्याशिवाय ते रस्त्यावर जाणार नाही. दोन चांगल्या घोड्या, दोन जॅक, पान्यांचा संच, टॉर्कचा पाना, पहार, ठोकळे, बॅटरी. टॉर्कचा पाना तेवढा चांगल्या प्रतीचा घ्यावा. हंगाम ऑक्टोबर किंवा मार्च, कारण जूनमध्ये इथल्या फरशीवर पाठ टेकवत नाही आणि जानेवारीतही टेकवत नाही. कपडे जुना पीटी ड्रेस. आयांनी काळजी करू नये, डाग निघणार नाहीत हे गृहीत धरूनच पाठवावा. हातांना मोजे, डोळ्यांना चष्मा, कारण वर पाहून काम करताना गंजाची भुकटी सरळ डोळ्यात येते.

शेवटी प्रत्येक गाडीच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि बुश बदलणाऱ्या मुलाचे नाव. काढलेले जुने बुश फेकायचे नाहीत, चिठ्ठी लावून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवायचे. गाडी आठवडाभर आवारातच फिरवायची आणि मग यू-बोल्टला पुन्हा पाना लावून पाहायचा, कारण नव्याने बसवलेले पाटे थोडे बसतात आणि नट सैल होतात. त्या दुसऱ्या तपासणीला तीच सहा मुले पुन्हा बोलवावीत.